भागीरथीचं केंदाळ

भागीरथी केणे रोज सकाळी तळ्यात उतरते, हे आडवशात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामागची गोष्ट मात्र तिच्या नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती, आणि त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती.

आडवसे टिटवाळा स्टेशनपासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. गावाच्या पूर्वेला तळं आणि तळ्याच्या पलीकडे ‘सरोवर हाइट्स’ नावाचे सात टॉवर. टॉवरला नाव तळ्यावरून मिळालं, पण तळ्यात पाणी काही दिसत नाही. या काठापासून त्या काठापर्यंत केंदाळ. शिकलेली माणसं त्याला जलपर्णी म्हणतात. जाड, चकचकीत, हिरवी पानं, खाली फुगीर देठ आणि त्याखाली काळ्या मुळांचा झुबका. नवीन माणसाला मैदानच वाटावं. एकदा पलीकडच्या टॉवरमधला एक कुत्रा मैदान समजून धावत सुटला होता. त्याला भागीरथीनंच बाहेर काढलं.

लुगड्याचा काचा मारून, वर मुलाचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवून ती पायऱ्यांवरून कमरेइतक्या पाण्यात उतरायची. हातात बांबू, बांबूच्या टोकाला लोखंडी आकडी. आकडीनं केंदाळाचा गठ्ठा ओढायचा, पायरीवर चढवायचा, पाणी निथळलं की कडेच्या ढिगावर टाकायचा. केंदाळ दिसतं हलकं, पण पाण्यानं भरलेलं असतं. एक गठ्ठा म्हणजे ओल्या गोधडीचं वजन. साडेसहा ते साडेआठ हे चालायचं. दोन तासांनी पायरीसमोर चार खाटा मावतील एवढं पाणी उघडं व्हायचं. पाय खाजून लाल व्हायचे. टिटवाळ्याच्या डॉक्टरनं मलम दिलं आणि सांगितलं, पाण्यात जाऊ नका. मलम तिनं लावलं.

लोक म्हणत, म्हातारीला तळ्याचं वेड लागलंय. काही म्हणत, नवरा याच तळ्यावर जगला, म्हणून करते. ती कुणालाच उत्तर देत नसे.

भागीरथीचं माहेर मोहन्याचं. बाप उल्हास नदीत मासे मारायचा. वयाच्या विसाव्या वर्षी ती आडवशाला गोमाजी केणेच्या घरी आली. गोमाजीचं घर तळ्यावर जगणारं. तळं तेव्हा आरशासारखं. मरळ, वाम, शिंगटी, खाली चिखलात कोळंबी. गोमाजी पहाटे होडी काढायचा आणि भागीरथी पाटी डोक्यावर घेऊन टिटवाळ्याच्या बाजारात बसायची. माणूस चांगला होता. सासू कमळाबाई तोंडाची तिखट, पण ताटात वाढताना हात आखडणारी नव्हती. एकच गोष्ट अडली. तीन वर्षं झाली तरी मूल नव्हतं. कमळाबाई थेट कधी बोलली नाही, पण शेजारणीच्या नातवाला मांडीवर घेऊन असे काही मुके घ्यायची की भागीरथी उठून मागच्या दारी जायची.

चौथ्या वर्षी गौरीला ती माहेरी गेली. नदी भरून वाहत होती आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, संथ पाण्यात, एक नवीनच झाड तरंगत होतं. प्रत्येक झाडाला वर तुरा, तुऱ्यात जांभळी फुलं आणि वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा. आईनं त्या वर्षी गौरीपुढे तीच फुलं मांडली होती. आडवशाला परतताना भागीरथी नदीवर गेली, पाण्यात हात घालून एक झाड मुळासकट उचललं आणि पितळी कळशीत ठेवलं. आई म्हणाली, “याला काय वास नाय न काय नाय. कशाला नेतेस गो?”

“बघायला,” भागीरथी म्हणाली.

एवढंच होतं ते. सासरी रोज उठून माहेरचं काहीतरी दिसावं.

आडवशाला आल्यावर तिनं ते झाड पायऱ्यांजवळ, दगडाच्या आडोशाला पाण्यात सोडलं. महिन्याभरात त्याची पाच झाडं झाली. आणि दिवाळीनंतर तिला दिवस राहिले. केतन झाला तेव्हा कमळाबाईनं साऱ्या गावात साखर वाटली. भागीरथीला मनातून वाटायचं, हे त्या फुलाचंच देणं. बाळंतपण आटोपून पहिल्यांदा तळ्यावर गेली तेव्हा तिनं दोन रोपं उचलून मुद्दाम मारुतीच्या बाजूच्या पायऱ्यांजवळ नेऊन सोडली. तिथेही फुलू दे म्हणून.

पुढची पंचवीसेक वर्षं केंदाळ होतं, पण आवाक्यातलं. गुरं त्याला तोंड लावत नव्हती. गणपतीच्या आधी गावातले तरुण तळ्यात उतरून ते उपसायचे, हसत-खेळत, एकमेकांच्या अंगावर फेकत. वर्षभरात ते पुन्हा तेवढंच व्हायचं. हे कुठून आलं, यावर पारावर चर्चा व्हायची. कुणी म्हणे पुरातून आलं, कुणी म्हणे सरकारनं माशांबरोबर सोडलं. भागीरथी पाटी उचलून तिथून पुढे जायची.

एके दुपारी गोमाजी ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. फाटलेल्या जाळ्यात केंदाळाची मुळं गुंतलेली, ती एकेक करून काढत होता. भागीरथी समोर कोळंबी सोलत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, “यो मी आनलेला. मोहन्याशी. कळशीन.”

गोमाजीचा हात थांबला. त्यानं विचारलं, “कुनाला बोल्लीस?”

“नाय.”

“मंग आथा बोलू पन नको.”

आणि तो पुन्हा मुळं काढायला लागला. त्यानं उभ्या आयुष्यात तिला यावरून एक शब्द ऐकवला नाही. एकदाच, खूप वर्षांनी, दुपारपर्यंत जाळं टाकून वर काढलं तर त्यात नुसतं केंदाळ आलं, तेव्हा त्यानं काठावर उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं होतं. रागानं नाही. पण तिनं नजर खाली घातली.

मग टॉवर आले. शेतं विकली गेली, गावात चारचाकी आल्या, स्लॅबची घरं उठली. पलीकडून तळ्यात एक नाला यायला लागला, बाराही महिने वाहणारा. आणि त्या नाल्याच्या तोंडाशी केंदाळाला जणू कुणी खुराक घातला. घोट्याएवढी झाडं मांडीपर्यंत आली. दोन पावसाळ्यांत सगळं तळं झाकून गेलं. होडी वल्हवायची म्हटलं तर चिखलात नांगर घातल्यासारखी जागची हलेना. मच्छीमार सोसायटीनं तळं सोडलं. गोमाजीनं होडी काठावर पालथी घातली आणि ‘सरोवर हाइट्स’च्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. निळा शर्ट, डोक्यावर टोपी. येणाऱ्या गाड्यांचे नंबर त्याला नीट लिहिता येत नसत, म्हणून पोरं हसायची. पाच वर्षं त्यानं ती नोकरी केली. एका सकाळी गेटवरच छातीत कळ आली आणि गेला.

त्याचा दहावा तळ्यावर केला. भटजी म्हणाले, पिंड पाण्यात सोडा. केतन पिंड घेऊन पायरीवर उभा, आणि समोर सोडायला पाणीच नाही. दोघा पुतण्यांनी बांबू खुपसून केंदाळ बाजूला रेटलं, तेव्हा परातीएवढं काळं पाणी उघडं पडलं. केतननं पिंड सोडला. बांबू काढून घेतले तसं केंदाळ सरकत येऊन पुन्हा एक झालं. जन्मभर या तळ्यावर जगलेल्या माणसाला तळ्यानं परातीएवढीही जागा मोकळी ठेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून भागीरथी आकडी घेऊन पाण्यात उतरायला लागली.

मग एके दिवशी टॉवरमधल्या कुणीतरी वरून तिचा व्हिडिओ काढला. एवढंसं माणूस एवढ्या मोठ्या हिरव्या पसाऱ्यात एकटंच वाकून ओढतंय. खाली लिहिलं, ‘तळ्याची माय’. तो सगळीकडे फिरला. महिला दिनाला टॉवरच्या क्लबहाउसमध्ये तिचा सत्कार ठरला. सून मेघालीनं तिला नवं लुगडं नेसवलं, अंबाड्यात गजरा माळला. शाल दिली, श्रीफळ दिलं, काचेचं एक स्मृतिचिन्ह दिलं. सूत्रसंचालन करणारी मुलगी माइक तिच्या तोंडापुढे धरून म्हणाली, “आजी, दोन शब्द बोला ना! तळ्यावर तुमचं एवढं प्रेम कसं?”

समोर दीडशे माणसं. शाल खांद्यावरून घसरत होती. तिला वाटलं, ही शाल अंगावर घेऊन घरी गेले तर मेल्यावरही ती सुटायची नाही.

“माजा सत्कार करू नका,” ती म्हणाली. “ह्यो केंदाल मीच आनला. लगीन झाल्याव. माहेराशी. फूल आवारलं म्हनून आनला. मीच तलाव नासवला.”

मग ती मुलगी हसून म्हणाली, “बघा, किती नम्रपणा! सगळा दोष स्वतःवर घेतात. हीच आपली संस्कृती!” आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. भागीरथी पुन्हा म्हणाली, “नाय, खराच…” पण माइक तोवर पुढच्या पाहुण्याकडे गेला होता.

घरी येताना केतन रिक्षात म्हणाला, “आये, काय पण काय बोलतेस? लोक हसले असते ना!” त्याचाही विश्वास बसला नव्हता. चाळीस वर्षं छातीवर धोंडा वाहिला आणि खाली ठेवायला गेली, तर कुणी तो घ्यायलाच तयार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्यात होती तेव्हा पायरीवर एक बाई येऊन बसली. पंचेचाळीशीची, चश्मा, हातात प्लॅस्टिकच्या बाटल्या. म्हणाली, “मी वल्लरी. समोरच राहते, सी विंगला, अकराव्या मजल्यावर. कल्याणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मावशी, तुम्ही काल म्हणालात ते खरं होतं ना?”

भागीरथीनं आकडी खाली ठेवली. “तुमी कसा वलखला?”

“खोटं बोलणारं माणूस असं बोलत नाही.”

मग भागीरथीनं तिला सगळं सांगितलं. नदी, कळशी, केतनचा जन्म, मारुतीजवळच्या पायऱ्या. सांगून झाल्यावर जे आयुष्यभर विचारायचं होतं ते विचारलं. “तुमी शिकलेल्या हाव. सांगा. ह्यो माजाच हाय का?”

वल्लरीनं हातातल्या बाटल्या पायरीवर ठेवल्या. मग म्हणाली, “खरं सांगू? कळायचा काही मार्ग नाही. उल्हास नदीत होतं, म्हणजे कधी ना कधी इथे आलंच असतं. पक्ष्यांच्या पायाला बी चिकटून येतं, कुणाच्या जाळ्यातून येतं. त्याचं बी चिखलात वीस-वीस वर्षं जिवंत राहतं. तुमचं झाड कदाचित पहिल्याच साफसफाईत निघूनही गेलं असेल.”

“न नसल गेला तर?”

“तर तुमचं असेल.”

भागीरथीनं मान हलवली. दोषी ठरली असती तर एक वेळ चाललं असतं. हे अधांतरी लटकणं वाईट.

“पण मावशी,” वल्लरी म्हणाली, “एक झाड चाळीस वर्षांत जे करू शकत नाही, ते आमच्या सांडपाण्यानं दोन-तीन वर्षांत केलं. त्याला खत आम्ही घालतोय. टॉवरला सांडपाणी साफ करायचा प्लांट आहे, तरी नाल्याला संडासाचा वास येतो. मी पाणी तपासायला घेतलंय.”

पुढचे तीन महिने ती रोज यायची. बाटल्या भरायची, वहीत लिहायची. कधी चहाचा थर्मास आणायची आणि दोघी पायरीवर बसून प्यायच्या. एकदा स्वतःच पॅन्ट दुमडून पाण्यात उतरली आणि तासाभरात तिचे पाय भागीरथीसारखेच लाल झाले. मे महिन्यात तिला नाल्याच्या वरच्या अंगाला, एरंडाच्या झुडपांत, हातभर रुंदीचा पाइप सापडला. प्लांटला वळसा घालून सगळी घाण थेट नाल्यात सोडणारा. तिनं फोटो काढले, अहवाल लिहिला आणि तक्रार केली. टॉवरच्या कमिटीकडे, पंचायतीकडे, प्रदूषणाचं बघणाऱ्या कार्यालयाकडे. भागीरथीला अहवाल वाचून दाखवताना तिचा आवाज चढला होता. भागीरथीला त्यातलं अर्धंच कळलं, पण किती वर्षांनी तिला वाटलं की कुणीतरी दुसऱ्या बाजूनंही ओढतंय.

तो प्लांट चालवायचं काम कोण करतं, हे वल्लरीला माहीत नव्हतं. भागीरथीलाही माहीत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक की केतन टॉवरमध्ये ‘मेंटेनन्सला’ आहे. पंप, जनरेटर, लिफ्ट, असलं काहीबाही.

आठ दिवसांनी केतन दुपारीच घरी आला. डबा न उघडता तसाच ओट्यावर ठेवला आणि भिंतीला टेकून बसला. मेघालीनं विचारलं तेव्हा खिशातून एक कागद काढून टाकला. नोटीस होती. प्लांट बंद ठेवल्याबद्दल ऑपरेटरवर कारवाई का करू नये, म्हणून.

“प्लांट तू बंद ठेवलास?” भागीरथीनं विचारलं.

“मी कोन ठेवनार, आये? दोन वर्षांमागं ह्या कामाला लावलं तवाच सेक्रेटरीनं तोंडी सांगितलं, लाइटबिल लय येतं, आधीपासून बंदच असतो, इन्स्पेक्शन असल तवाच चालू कर. बटन माझ्या हातात हाय, हुकूम नाय. आता वरून चौकशी आली तर म्हनतात, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. लेखी काय हाय माझ्याकडं?” त्याचा आवाज फाटला. “तुझ्या त्या मॅडमनी कंप्लेंट केली ना. तुझ्या तळ्यासाठी.”

‘तुझ्या तळ्यासाठी’ हे शब्द तिला लागले. दोन वर्षं तिचाच मुलगा सकाळी ते बटण बंद ठेवायला घरून निघायचा, आणि ती त्याच वेळी पाण्यात असायची. पाय लाल झाले की तोच मलम आणून द्यायचा.

“मला का नाय बोल्लास?” ती म्हणाली.

“बोलून तू काय करनार व्हतीस?”

खरंच, काय करणार होती? मेघाली स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. धाकट्या नातीच्या शाळेचं नवं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. केतन बेचाळीस वर्षांचा, हाताला दुसरा धंदा नाही. तळ्यावर जगायला तळं नाही, शेती कधीच विकलेली.

ती रात्र तिनं कशीबशी काढली. सकाळी पहिल्यांदाच पाण्यात न उतरता, लुगडं बदलून, काठाकाठानं चालत पलीकडे गेली. ज्या गेटवर गोमाजी उभा राहायचा तिथे नाव सांगितलं. लिफ्टमध्ये बसायची तिची पहिलीच वेळ. अकराव्या मजल्यावर दार वल्लरीच्या आईनं उघडलं. वल्लरी कॉलेजला निघायच्या तयारीत होती. तिला बघून आनंदली. “मावशी! अहो या ना, बघा, इथून तळं कसं दिसतं!” म्हणून तिनं तिला बाल्कनीत नेलं.

वरून सगळं तळं एका नजरेत येत होतं. भागीरथीनं आपल्या पायऱ्या शोधल्या. आठ वर्षं रोज दोन तास जिथे पाठ मोडून घेतली, तिथे नखाएवढा काळा ठिपका होता. बाकी हिरवंच.

“बाई,” ती म्हणाली, “ती तक्रार परत घ्या.”

वल्लरीला आधी कळलंच नाही. मग भागीरथीनं नोटीस दाखवली. वल्लरी खुर्चीत बसली, कागद दोनदा वाचला. “हे सेक्रेटरीनं केलंय. यांनी केतनला पुढे केलाय. आपण लढू, मावशी. मी साक्ष देईन. केतननं खरं सांगितलं तर—”

“तो सांगल न त्याला उद्या काडतील. दुसरा आनतील. तो पन बटन बंदच ठेवल.” तिनं हात जोडले. “तलाव काय, गेलेला हाय. माज्या पोराचं नको जायला.”

आपल्या तोंडून हे निघालं, याची तिला स्वतःलाच लाज वाटली. वल्लरी उठून तिचे जोडलेले हात धरून उभी राहिली. वल्लरीच्या आईनं चहा आणला. भागीरथीनं तो घेतला आणि सवयीनं कप विसळायला बेसिनजवळ गेली. नळ सोडला. पाणी गोल फिरून जाळीतून खाली गेलं, पाइपातून उतरत गेल्याचा आवाज आला. तिनं पटकन नळ बंद केला. कप अर्धवट विसळलेलाच राहिला.

वल्लरीनं तक्रार परत घेतली. ‘तपासणीत त्रुटी राहिली’ असं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईनं असं लिहून देणं म्हणजे काय, हे भागीरथीला कुणी सांगायची गरज नव्हती. केतनची नोटीस फाइलला लागली. टॉवरच्या सभेत प्लांट कायम चालू ठेवायचा विषय निघाला, मेंटेनन्स वाढेल म्हटल्यावर हात खाली आले.

पुढल्या एप्रिलात पंचायतीनं तळं साफ करायचा ठेका दिला. भागीरथीला वाटलं मशीन येईल. आले ते पाठीवर पंप बांधलेले चौघे जण. दोन दिवस काठानं आणि तराफ्यावरून तणनाशक फवारत फिरले. वल्लरी धावत आली, ठेकेदाराशी भांडली, पंचायतीत जाऊन बसली. सरपंच म्हणाले, “मॅडम, मागच्या टायमाला तुमचीच तपासणी चुकली होती ना?” ती तशीच परत आली.

आठवडाभरात पानं पिवळी पडली, मग तपकिरी, मग सगळं केंदाळ बसकण मारल्यासारखं खाली गेलं. आणि वर पाणी आलं. काळं, पण पाणी. गावातली माणसं तळ्यावर जमली. टॉवरच्या बाल्कन्यांत लोक फोटो काढत होते. लहान मुलांनी जन्मात पहिल्यांदा तळं पाहिलं. मेघालीसुद्धा म्हणाली, “आई, बघा, झालं ना मोकळं? आता तुम्ही नका जाऊ पाण्यात.” भागीरथी पायरीवर बसून त्या पाण्याकडे बघत राहिली. तिला रडू आलं. आनंदाचंच असावं असं तिलाही वाटलं.

चौथ्या दिवसापासून घाण सुटली. खाली गेलेलं केंदाळ कुजायला लागलं होतं. कुजताना ते पाण्यातला सगळा श्वास खातं, असं वल्लरीनं तिला समजावलं. पाचव्या दिवशी सकाळी भागीरथी तळ्यावर गेली, तर काठाला पांढरी रेघ दिसत होती. मासे होते. शिंगट्या, वाम, खंडीभर बारकी मासळी, पोटं वर करून. आणि मारुतीच्या पायऱ्यांजवळ एक मरळ. कोपरापासून बोटापर्यंत लांब, जाड, अंगावर काळे पट्टे. असली मरळ गोमाजीच्या जाळ्यात शेवटची कधी आली होती, ते तिला आठवेना.

म्हणजे ती सगळी खाली होती. तळं मेलं, मासळी संपली, असं सारा गाव म्हणत होता, गोमाजीही तसंच समजून गेला. आणि केंदाळाच्या अंधारात, घाण पाण्यात, ती कशीबशी जीव धरून होती. कुणाला माहीत नव्हतं. तिलाही नाही, रोज त्यांच्यातच उभी राहत असून.

तिनं मरळ दोन्ही हातांनी उचलली. अंग अजून घट्ट होतं. वल्लरी शेजारी येऊन उभी राहिली. भागीरथी म्हणाली, “ह्यांला दाकवायला पायजे व्हती.” मग काठावरच्या जांभळाच्या झाडाखाली खड्डा करून तिनं ती पुरली. बाकीची मासळी पंचायतीच्या ट्रॅक्टरनं उचलून नेली.

पावसाळ्यात तळं भरलं आणि जुलै संपायच्या आत काठाकाठानं बोटभर उंचीची कोवळी, चकचकीत पानं दिसायला लागली. चिखलातलं बी. ऊन लागलं तसं फुटलं. नाला वाहतच होता. ऑक्टोबरपर्यंत पाव तळं हिरवं झालं. वल्लरीनं वहीत नोंद करणं कधी थांबवलं, ते भागीरथीच्या लक्षात आलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी वल्लरी पायरीवर आली तेव्हा तिच्या हातात बाटल्या नव्हत्या. ठाण्याला जातेय म्हणाली. आईला दम्याचा त्रास वाढला, इथला वास सोसवत नाही. तिकडे भावाच्या जवळ घर घेतलं आहे. सामानाचा टेम्पो टॉवरखाली उभा होता.

“मला तुमच्यासाठी काही करता आलं नाही, मावशी,” ती म्हणाली.

“तुमी केला. मीच थांबवला.” भागीरथीनं ओले हात लुगड्याला पुसले आणि विचारलं, “तुमच्या घरान आथा कोन येनार?”

“भाड्यानं दिलंय. नाशिकचं कुटुंब आहे. सहा माणसं.”

भागीरथीनं नाल्याच्या दिशेनं पाहिलं. “तुमी दोगीच व्हत्या,” ती म्हणाली.

पलीकडून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. वल्लरीनं वाकून भागीरथीच्या पायांना हात लावला, त्या सोललेल्या, लाल पायांना, आणि काठानं निघून गेली.

भागीरथी पुन्हा पाण्यात उतरली. रोपं अजून लहान होती. आकडीची गरज नव्हती, हातानं ओढली की सुटत होती, मुळांना कुजका चिखल चिकटून येत होता. साडेआठला मेघालीनं ओट्यावरून हाक मारली तेव्हा पायरीसमोरचं सात-आठ हात पाणी उघडं झालं होतं. दुपारी वारा सुटला की पलीकडचं केंदाळ तिथे येऊन लागणार, हे तिला ठाऊक होतं. ती वर आली, लुगड्याचा ओला काठ पिळला, आणि घराकडे चालू लागली.